चवथी खेप

अश्विन लागला की माझे पाय जागेवर राहत नाहीत. हिंडायला मागतात असं नाही, ती हौस गुडघ्यांनी केव्हाच फेडून टाकली आहे. पण खुर्चीत बसल्या बसल्या पाय आपोआप खालीवर होतात. आधी डावा, मग उजवा, पुन्हा डावा. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या या घरात खाली गुळगुळीत फरशी आहे, दाबायला काहीही नाही, तरी दाबतात. सून म्हणते, "आई, पाय हलवू नका ना, टेबल हलून राहिला." मी थांबवते. ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा सुरू.

या दिवसांचा स्वभावच तसा आहे. पाऊस गेलेला असतो आणि थंडी आलेली नसते. दुपारचं ऊन परत आलेल्या पाहुण्यासारखं ठाण मांडून बसतं. चादर अंगावर घ्यावी तर उकडतं, काढावी तर पहाटे शिंका. शेजारच्या गल्लीत दोनचार पोरी अजून भुलाबाईची गाणी म्हणतात, मोबाइलमध्ये बघून का होईना म्हणतात, आणि मला वाटायला लागतं की आपली परीक्षा आहे. गणिताचा पेपर आहे. आणि आपल्याला काही म्हणजे काही येत नाही.

मध्यंतरी टीव्हीवर दाखवत होते की आपलं यान चंद्राभोवती फिरायला लागलं. मी पदर खोचून पुढे सरकले. नातवानं मान वर करून एकदा पाहिलं आणि विचारलं, "फिरतंय ना? मग झालं की." आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. मला इतका राग आला म्हणून सांगू. अरे, झालं की काय? चंद्राभोवती फिरणं म्हणजे काय गांधीसागर तलावाला चक्कर मारणं आहे? त्या फिरण्यापायी एका वर्षी आमच्या घरात काय काय झालं, ते तुला कुठं ठाऊक!

ते साठ साल. आम्ही नागपूरच्या जुन्या महाल भागात राहायचो. आमचं घर कोष्ट्याचं. पुढच्या खोलीत माग, मधल्या आणि मागच्या खोलीत आम्ही. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा बसायचे. पायांखाली दाबायच्या लाकडी पावड्या, हातात आडवं सूत नेणारा धोटा. सकाळी खटक-खटक सुरू झालं की सगळं घर त्या तालावर चालायचं. आई पोळी त्याच तालावर लाटायची. मी चरख्यावर कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात घालायचं सूत बोटभर नळीवर गुंडाळायचे. भरलेली कांडी संपते आणि रिकामी परत येते, ती भरावी तोवर दुसरी येते. या कामाला सुरुवात नाही, शेवट नाही. मी अठरा वर्षांची होते, आणि आपला जन्म कांड्या भरण्यात जाणार हा विचार आला की मी चरखा जोरात फिरवायचे.

मला मास्तरीण व्हायचं होतं. त्यात थोर असं काही नव्हतं. आमच्या गल्लीतून रोज सकाळी एक शिक्षिकाबाई जायच्या. काखेत छत्री, हातात पर्स, पायात काळ्या चपला. त्या कुणाशी बोलत नसत, पण त्या गेल्या की रस्ता त्यांच्या मालकीचा वाटायचा. मला तसं चालायचं होतं. त्याला मॅट्रिक पाहिजे होतं, आणि मॅट्रिकला गणित होतं. गणितानं मला एकदा पाडलं, मग दुसऱ्यांदा पाडलं. दुसऱ्या निकालाच्या दिवशी आई म्हणाली, "पुरे झालं आता. पोरीच्या जातीनं किती खेपा मारायच्या?"

बाबांनी मधला मार्ग काढला. "ऑक्टोबरची परीक्षा देऊन दे. पास झाली तं पुढचं पाहू. नाही झाली तं उमरेडच्या लोकाईले हो म्हणून टाकू." उमरेडचं स्थळ आणलं होतं नथ्थूकाकांनी. नथ्थूकाका म्हणजे बाबांचे भागीदार, आमच्याच पुढच्या खोलीत त्यांचा दुसरा माग. मुलाचं उमरेडला साड्यांचं दुकान होतं, घरात चार माग होते. चार माग म्हणजे किती कांड्या, हा हिशेब मात्र मला गणिताशिवाय येत होता.

खेप हा आमच्या घरातला फार राबता शब्द. नळावरून पाण्याच्या खेपा व्हायच्या. संत्र्याची गाडी मंडईत खेपा करायची. बायकांच्या बोलण्यात बाळंतपणालाही खेपच म्हणत. "सुशी माही पहिल्या खेपेची," असं आई माझी ओळख करून द्यायची. माझ्या पाठचं एक पोटातच गेलं होतं, त्याला ती "दुसरी खेप पडली" म्हणायची आणि लगेच विषय बदलायची. आणि आता माझ्या परीक्षेलाही खेप. हा शब्द पुढं काय करणार आहे याची तेव्हा कुणाला कल्पना असणार!

दुपारी जेवणं झाली की मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. घरात सगळ्यांत जास्त शिकलेली मी, दोनदा नापास झालेली असले तरी. बाबा आणि नथ्थूकाका माग चालवत ऐकायचे. भाववाढ आली की खटखट जोरात व्हायची. नवं राज्य होऊन चारसहा महिने झाले होते, त्याच्या बातम्या आल्या की नथ्थूकाका म्हणायचे, "होऊ दे, आपल्याले काय, सूत तं तेवढ्यालेच भेटते." एकाच बातमीला दोन्ही माग थांबायचे. चंद्राच्या.

आदल्या साली रशियानं चंद्रावर यान आपटलं होतं आणि चंद्राच्या पाठचा फोटोही काढला होता. मग अमेरिकेनं ठरवलं की आपण चंद्राभोवती फिरत राहणारं यान पाठवायचं. चंद्राचा चंद्र. पहिल्या वेळी वर जाताजाता यानावरचं आवरणच निघून गेलं आणि सगळं फुकट गेलं. आता दुसऱ्यांदा पाठवणार होते. मी वाचत होते, बाबा ऐकत होते. मी म्हणायचे अग्निबाण. बाबा म्हणायचे आगगाडी.

"बाबा, अग्निबाण म्हणायचं."

"बाण काहून? बाण मारते का कोणी चंद्राले? आगीवर चालते ना? मंग आगगाडीच."

त्यामुळे आमच्या घरात ती 'ती' झाली. गेली का ती? निघाली का? कुठवर पोचली? बाबा रोज विचारायचे, जणू ती आमच्या ओळखीची कुणी होती आणि इतवारी स्टेशनवर उतरून येणार होती.

एकदा त्यांनी विचारलं, "रशियावाले तं पोचले ना? मंग याईचं काय नवल?"

मी सांगितलं की आपटणं सोपं असतं. नेम धरायचा आणि सोडून द्यायचं. फिरणं कठीण. फार जोरात गेलं तर चंद्राला ओलांडून पळून जातं, फार हळू गेलं तर त्याच्या अंगावर पडतं. पळायचंही नाही आणि पडायचंही नाही, जवळ राहून फिरत राहायचं.

बाबांनी धोटा हातात धरून बराच विचार केला. "मंग ते कठीणच हाये वं," ते म्हणाले. "इतके वर्षं झाले, मले अन् तुह्या मायले नाही जमलं."

आतून आईचा आवाज आला, "मले जमलं म्हणून तं घर उभं हाये."

नथ्थूकाका इतके हसले की त्यांच्या मागावरची तार तुटली.

हे सगळं भुलाबाईच्या महिन्यात चाललं होतं. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली मातीची भुलाबाई आणि भुलोजी बसवून गाणी म्हणायच्या. गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकणबंद डबा पुढे यायचा. गोड का तिखट? वाजते का नाही? पोरी डबा कानाशी नेऊन हलवायच्या. मी ओसरीत गणित घेऊन बसलेली असायचे, आणि त्या मलाही ओढून न्यायच्या. बाबा खिडकीतून ओरडायचे, "फुटाणे!" रोज फुटाणेच. महिनाभर खिरापत काहीही असो, बाबांचा कौल फुटाण्यांना. कधीतरी लागणारच होता. लागला त्या दिवशी त्यांना डब्याच्या झाकणात मूठभर मिळाले, आणि त्यांनी ते घरभर मिरवले.

मी मनाशी एक खूळ धरलं होतं. ही आगगाडी चंद्राभोवती फिरली तर मी पास होणार. कुणी सांगितलं? कुणी नाही. गणिताच्या माणसानं असं करू नये, पण मी गणिताची माणूसच नव्हते. रात्री अंथरुणावर पडले की माजघराच्या खिडकीतून चंद्र दिसायचा आणि मला त्याचा राग यायचा. तो शांतपणे वर. आपण इथं.

एक दिवस बातमी आली. मी वाचायला सुरुवात केली आणि आवाज खाली आला. यान वर गेलं होतं, पण वाटेतच बिनसलं आणि ते समुद्रात पडलं. दुसऱ्या खेपेलाही अपयश.

बाबा म्हणाले, "अरेरे. पाण्यात गेली?"

"हो."

"अन् तिच्या पोटातलं सामान?"

"तेही गेलं."

बाबांनी मागावरच्या साडीवरून हात फिरवला. "खिरापतीचा डबा झाला हा. वाजून राहिला, पण उघडला नाही," ते म्हणाले. मला त्या रात्री एकही उदाहरण सुटलं नाही.

कोजागिरी झाली, परीक्षा झाली. पेपर बरा गेला का वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही. मी लिहीत होते आणि माझे पाय बाकाखाली पावड्या दाबत होते, एवढं आठवतं. पुढच्या बाकावरची मुलगी मागं वळून म्हणाली, "पाय थांबव ना वं, माझा बाक हलते." हा पायांचा चाळा तेव्हापासूनचा. मी माग कधी चालवला नाही, बायका आमच्याकडे मागावर बसत नसत, पण बाबांचे पाय बघून बघून माझ्या पायांनी तो उचलला असावा.

मग वाट बघणं. दिवाळी आली आणि कंटाळवाणी गेली. थंडी पडायला लागली. हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागले, सगळ्या गल्लीला सालीचा वास यायला लागला. बाबा रोज विचारायचे, "आलं का काही?" मला कळायचं नाही की निकालाचं विचारताहेत का आगगाडीचं. तिसरी आगगाडी डिसेंबरात निघणार होती. निकालही डिसेंबरातच होता. माझ्या डोक्यात दोघींचा गुंता झाला होता, आणि मला वाटतं बाबांच्याही झाला होता.

निकालाच्या आधीच उमरेडच्या बाई, म्हणजे मुलाची आई, मुलगी बघायला आल्या. "नुसतं पाहून घेऊ, बोलणी मंग," असा निरोप होता. त्यांच्याबरोबर त्यांचा भाऊ होता, तो पान खायला चौकात गेला. बाई मधल्या खोलीत सतरंजीवर बसल्या. उंच, गोऱ्या, काठापदराचं नऊवारी, बोलणं मोजकं. वाईट नव्हत्या हो. मी आजही म्हणते, वाईट नव्हत्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं पाहिली, कांड्या भरून पडलेले घट्टे पाहिले आणि आईला म्हणाल्या, "कामाची हाये पोरगी." त्या सकाळी मला वर्तमानपत्राला हात लावू दिला नव्हता. साडी नेसवली होती, आणि मी पोह्यांचं ताट घेऊन उभी होते.

मधल्या खोलीत आणि मागाच्या खोलीत एक कुडाची भिंत होती. तिकडून नथ्थूकाका आल्याचा आवाज आला. ते न्हाव्याच्या दुकानातून आले होते, तिथं कुणी तरी पेपर वाचून दाखवलेला.

"पडली गा," नथ्थूकाका म्हणाले. "तिसरी खेप बी पडली तिची."

मागाची खटखट थांबली.

"काय म्हणतोस?" बाबांचा आवाज. "तिसरी बी?"

"हो ना. या खेपेले तं लवकरच. वर नाही चढली तं फुटलीच."

"अरेरे. अन् पोटातलं?"

"पोटातलं काय राहते! सारं गेलं."

 मग बाबा हळू आवाजात म्हणाले. पण आमच्या बाबांचा हळू आवाज म्हणजे मागाच्या खटखटीवर मात करायची सवय झालेला आवाज. "सुशीले सध्या काही बोलू नको. पाहुणे जाऊ दे. लई जीव लावला होता तिनं."

मी ऐकलं. मला काय कळायचं ते कळलं. तिसरीही फुटली, म्हणजे मीही नापास. माझ्या हातातलं ताट कललं, पोहे सतरंजीवर सांडले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अगदी घळाघळा. ते अमेरिकेच्या यानासाठी होतं का स्वतःसाठी, हे मला त्या क्षणी वेगळं करता आलं नसतं.

उमरेडच्या बाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. आईला वाटलं पोहे सांडले म्हणून पोरगी रडते आहे, ती "जाऊ दे वं, दुसरे आणतो," म्हणत आत धावली. ती परत येईस्तोवर बाई उठून चपला घालत होत्या. "उशीर झाला. बस चुकन," एवढंच म्हणाल्या, आणि बस सुटायला अजून सारी दुपार पडलेली असताना भावाला शोधत चौकाकडे गेल्या.

आम्हाला काही कळलं नाही. आईनं सगळं खापर पोह्यांवर फोडलं. "तिखट जास्त झालं असन." चार दिवसांनी नथ्थूकाकांच्या बायकोकडून उमरेडचा निरोप आला. निरोप ऐकताना आईनं हातातली परात खाली ठेवली, आणि मला तिच्या चेहऱ्याची भीती वाटली. पोरीच्या तीन खेपा पडल्या आणि आमच्यापासून लपवून ठेवलं, असं त्या म्हणत होत्या. बाप आणि त्याचा भागीदार भिंतीआड बोलत होते, स्वतःच्या कानानं ऐकलं. आणि पोरगी ते ऐकून रडली, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

नथ्थूकाकांना आधी उमगलं. ते हसायला लागले, मागावर डोकं टेकून हसले, आणि मग एकाएकी थांबले. कारण त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा हसत नव्हते.

आज हे सांगताना मलाही हसू येतं. लग्नाकार्यात मी हा किस्सा सांगते तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसतात. पण ते आठ-दहा दिवस हसण्याचे नव्हते. उमरेडमध्ये एक जण बोलला की नागपुरात दहा जण बोलतात, आमच्या कोष्ट्यांत सगळे एकमेकांचे साडू आणि मावसभाऊ. मी नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. एकीनं तर माझ्या कमरेकडे बघून "बारीक झाली वं" म्हटलं. मी घागर तशीच टाकून घरी आले. भिंतीला टेकून बसले की उठावंसं वाटायचं, उठले की बसावंसं वाटायचं. आई माझ्याकडे बघून देवाला शिव्या द्यायची आणि मग देवाची माफी मागायची.

घरचा अंक एव्हाना चुलीत गेला होता, म्हणून बाबांनी ते वर्तमानपत्र न्हाव्याकडून मागून आणलं. घडी केली, नव्या साडीला करतात तशी, धुतल्या फडक्यात बांधली आणि उमरेडच्या बसमध्ये बसले. माग बंद ठेवून बाबा कुठं गेल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

संध्याकाळी परत आले. हातपाय धुतले, चहा घेतला. आम्ही तिघं, मी, आई आणि नथ्थूकाका, त्यांच्या तोंडाकडे बघत. शेवटी आई म्हणाली, "सांगान का काही?"

"सांगतो ना. त्या बाईच्या पोराच्या हाती पेपर दिला. म्हटलं, वाच बापा, मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. सारे घरचे बसले होते, शेजारचे बी आले. तिसऱ्या खेपेलाही अपयश, असं आलं तं पोरगं हसलं. मंग सारेच हसले. कोणी तरी म्हणे, चंद्राभोवती फिरायले कोण जाते गा? म्हटलं, तेच तं. कोणी गेलं नाही अजून."

"अन् बाई?"

"बाई बी हसल्या. म्हणे चूक झाली, माफ करा, पोरगी आम्हाले पसंत हाये. तारीख काढा म्हणे."

आईनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.  आळ गेला होता, आणि आळ जाताच उमरेड परत आलं होतं. खरं सांगायचं तर त्या रात्री मला वाटलं, आळ होता तेच बरं होतं.

निकाल दोनच दिवसांनी लागला. नथ्थूकाका बघून आले. दारातूनच त्यांची मान खाली होती. गणित.

मी रडले नाही. रडायचं ते पोह्यांवर रडून झालं होतं. मी चरख्यापाशी बसले आणि कांड्या भरायला लागले. ठरलं होतं ते ठरलं होतं. बोली बाबांची होती आणि बाबा बोलीला पक्के. मधल्या खोलीत आई कुणाला तरी सांगत होती की माघात मुहूर्त चांगले आहेत. मागाची खटखट चालू होती. मी भरलेली कांडी पुढे करायचे, बाबा ती घ्यायचे, रिकामी परत द्यायचे. बराच वेळ असं चाललं.

मग बाबांनी हात थांबवले.

"काय वं सुशे," ते म्हणाले, "त्याईनं चवथीची तयारी लावली असन ना?"

मला आधी कळलंच नाही. "कोणी?"

"आगगाडीवाल्याईनं."

"पेपरात तर काही आलं नाही, बाबा."

"पेपरात येत नसन. तीनदा पडल्यावर सांगून कोणी करते का? चुपचाप करते." त्यांनी कांडी धोट्यात बसवली. "पण लावली असन. घरी नाही बसले ते. इतके मोठे लोक, तीन खेपा पडल्या, साऱ्या दुनियेच्या पेपरात छापून आलं, तरी लाजले नाहीत. मंग आपण काहून लाजायचं?"

मी रिकामी कांडी चरख्यावर चढवली.

"मार्चात परीक्षा असते ना?"

"असते."

"मंग तूबी लाव."

आई दारात येऊन उभी राहिली होती. "अन् उमरेड? ते लोक हो म्हणून बसले हाये."

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "भिंतीआडचं एक वाक्य ऐकलं अन् उठून गेली ते बाई. पोरीले एक शब्द बी विचारला नाही. तिथं हिची एखादी खेप खरंच पडली, तं कोण विचारन हिले?"

 आईच्या दुसऱ्या खेपेच्या वेळी तिच्या सासरी काय झालं होतं ते ती आणि बाबा दोघंच जाणत होते. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं पोळ्या लाटण्याचा आवाज आला, मागाच्या तालावर.

मार्चात मी पास झाले. काठावर, पण पास. शाळेत नोकरी लागली, छत्री घेतली, पर्स घेतली, काळ्या चपला घेतल्या. पहिल्या दिवशी गल्लीतून चालत गेले तेव्हा रस्ता माझ्या मालकीचा वगैरे काही वाटला नाही. चपला चावत होत्या. नळावरच्या बायकांनी मात्र वाट दिली. पुढं लग्नही झालं, माझ्या पसंतीनं, नागपूरजवळच्या वाडीच्या एका गोदामातल्या कारकुनाशी. गणित मी तेहतीस वर्षं शिकवलं. पडलेल्या पोरांना मी कधी 'नापास' म्हटलं नाही. "ही खेप गेली," म्हणायचे. पोरं हसायची, मग पुन्हा बसायची.

साठ सालानंतर पाचसहा वर्षांनी एकदा माहेरी गेले होते. उन्हाळा तोंडावर आला होता. रेडिओवर बातमी लागली की रशियाचं यान चंद्राभोवती फिरायला लागलं. पहिल्यांदाच. बाबांना तेव्हा कमी दिसायचं, तरी माग सुटला नव्हता. त्यांनी धोटा खाली ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून इतकं मोठं हसले की त्यांचे पडलेले दात सगळे मोजता आले.

"पाह्य. मी म्हटलं होतं ना? गेली ना चवथी?"

"बाबा, ही रशियाची आहे. ते वेगळे."

"कोणाची का असना! खेप तं चवथीच," ते म्हणाले, आणि पाय पावड्यांवर पडले. त्यांनी पुढच्या वर्षी डोळे मिटले, आणि मला समाधान आहे की चवथी गेलेली त्यांनी ऐकली.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा मी एका पुस्तकात ही सगळी हकिकत शोधून वाचली. डोळ्यांवर भिंग धरून, दोनदा वाचली. तिसरं यान फुटल्यावर अमेरिकेच्या त्या लोकांनी ते काम तिथंच बंद केलं होतं. नंतर इतरांनी इतर यानं केली, ती गोष्ट निराळी. पण त्या तिघींच्या पाठची चवथी नव्हतीच. कुणी बांधत नव्हतं. चुपचापही नाही.

पुस्तक मांडीवर उपडं ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. मग माझ्या लक्षात आलं की माझे पाय चालू आहेत, डावा, उजवा, डावा, आणि टेबल हलतो आहे. तिकडे कुणीच बांधली नव्हती ती चवथी खेप. महालातल्या एका खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसानं एकट्यानं ती बांधली, आणि तीत मला बसवून दिलं.